इम्प्लांट बदलायचंय? 'किती सीसी?' हे सगळ्यात शेवटी विचारा

ब्रेस्ट इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार वाढवण्यासाठी आत बसवायची कृत्रिम पिशवी, हा विषय आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजातच निघतो. पण गेल्या काही वर्षांत त्याची वेगळीच बाजू बातम्यांत येते आहे: बसवलेली इम्प्लांट काढणं किंवा बदलणं. जुलै २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने 'बायोसेल' ही खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली, कारण एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाशी, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाशी, त्यांचा संबंध आढळला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. ही वस्तू आयुष्यभर पुरेल असं समजू नका, हे त्या चौकटीत स्पष्ट म्हटलेलं आहे. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या दर पाच जणींपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ती काढावी लागतात, असं याच संस्थेने २०११ मध्ये सांगितलं होतं.

म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात, किंवा नवऱ्याच्या नोकरीनिमित्त दुबई-अमेरिकेत असताना ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बायकांवर पुन्हा सर्जनसमोर बसायची वेळ येते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला 'रिव्हिजन' म्हणतात. आणि तिथला पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच: "डॉक्टर, आता किती सीसीचं बसवायचं?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी उशिरा येते. आधी काय बिघडलंय ते कळलं पाहिजे, मग अंगात काय शिल्लक आहे ते. आकडा त्या दोन उत्तरांतून आपोआप बराचसा ठरतो. इंटरनेटवर मात्र सगळी चर्चा आकड्यापासूनच सुरू होते, आणि गोंधळही तिथूनच.

सीसी काय सांगतं आणि काय सांगत नाही

एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. ३०० सीसीचं इम्प्लांट ३०० मिलि जागा व्यापतं. आत सिलिकॉन जेल असेल तर वजनही साधारण तितकेच ग्रॅम. पण हा आकडा नुसता माल किती ते सांगतो. तो माल छातीवर किती रुंद पसरणार आणि पुढे किती येणार, हे त्यात नसतं. त्यासाठी कंपनीच्या तक्त्यात शेजारी दोन रकाने असतात, बुडाची रुंदी आणि उंचवटा. रुंदीच्या मानाने उंचवटा किती, त्याला 'प्रोफाइल' म्हणतात: लो, मॉडरेट, हाय वगैरे.

आता थोडं शाळेतलं गणित. १२ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर उंच असा घुमट धरला, तर त्यात साधारण ३०० सीसी मावतात. रुंदी तीच ठेवून ३५० करायचे म्हटले तर उंची ४.६ होते. रुंदी-उंची दोन्ही प्रमाणात वाढवली, तर रुंदी १२.६ आणि उंची ४.२. कागदावर मोठी वाटणारी ५० सीसीची उडी अंगावर येईपर्यंत पाच-सहा मिलिमीटरची होते.

आता आकडा हलवूच नका. ३५० सीसीच धरा. ११ सेंटिमीटर रुंदीच्या घुमटात ते भरले तर उंची साडेपाच सेंटिमीटर होते. १३ सेंटिमीटरच्या घुमटात भरले तर जेमतेम चार. दोन्ही ३५०च, पण एक टोकदार पुढे आलेलं आणि दुसरं पसरट. "माझ्या मैत्रिणीने ३७५ बसवलंय, मलाही तेवढंच हवं" या वाक्यात म्हणूनच फारशी माहिती नसते. मैत्रिणीच्या छातीची रुंदी, तिचं स्वतःचं स्तनपेशींचं प्रमाण आणि त्वचेचा ताण हे सगळं मिळून जे दिसतं, त्यात ३७५ हा फक्त एक घटक असतो.

कपच्या भाषेत बोलावं, तर तिथे आणखी गंमत. ३४ सी आणि ३६ बी या दोन ब्रांच्या कपात जागा जवळपास सारखीच असते. 'सी कप' हे माप पट्ट्याच्या आकड्याशिवाय अर्धवट आहे, आणि कंपनीगणिक बदलतं ते वेगळंच. एक कप वाढायला दीड-दोनशे सीसी लागतात असं सर्जन ढोबळमानाने सांगतात, पण शब्द द्यायला तयार नसतात. ते योग्यच आहे.

पहिली वेळ आणि दुसरी वेळ

पहिल्या शस्त्रक्रियेत सर्जनला कोरी जागा मिळते. स्तनाच्या मागे, स्नायूच्या वर किंवा खाली, तो इम्प्लांटसाठी कप्पा तयार करतो. त्याला 'पॉकेट' म्हणतात. इम्प्लांट आत गेलं की शरीर त्याला परकं मानून भोवती तंतूंचा पातळ पडदा विणतं. हा पडदा म्हणजे 'कॅप्सूल'. तो प्रत्येकीच्या शरीरात तयार होतो, त्यात बिघाड असा काही नाही.

दुसऱ्या वेळेस हा कप्पा आणि हा पडदा तयारच असतात, आणि बऱ्याचदा हव्या त्या मापाचे नसतात. शिवाय इतकी वर्षं आतून दाब पडल्याने वरचे स्तनपेशींचे थर पातळ झालेले असतात आणि त्वचा ताणलेली असते. मधल्या काळात बाळंतपण झालेलं असतं, वजन वर-खाली झालेलं असतं, रजोनिवृत्ती आलेली असते. इम्प्लांट तेच राहिलं तरी त्याच्यावरचं अंग बदललेलं असतं.

नवं कापड शिवणं आणि शिवलेलं ब्लाऊज उसवून पुन्हा बसवणं यांत जो फरक, तोच इथे. ब्लाऊज उसवताना शिंपी आधी आतली माया किती सोडलीय ते बघतो. माया असेल तर मोकळं करता येतं. नसेल, तर गिऱ्हाईक कितीही मोठं माप सांगो, त्याच्या हातात काही नसतं. आणि जिथे एकदा शिलाई ओढली गेली, तिथलं कापड विरलेलं असतं. रिव्हिजनचा सर्जनही आधी मायाच बघतो.

तक्रार एक, कारण भलतंच

रिव्हिजनला आलेली बाई 'माप चुकलंय' असं म्हणते, तेव्हा खरोखर माप चुकलेलं असतंच असं नाही. नेहमी येणाऱ्या दोन तक्रारी उलगडून बघण्यासारख्या आहेत.

पहिली: "आधीपेक्षा लहान दिसायला लागलंय, वर चढल्यासारखं झालंय, आणि कडक लागतं." इथे संशय कॅप्सूल आवळल्याचा असतो. काही जणींच्या शरीरात तो पडदा जाड होऊन आकसतो. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मोजतात, त्यांना बेकर ग्रेड म्हणतात. पहिलीत स्तन मऊ आणि नेहमीसारखा असतो, दुसरीत हाताला किंचित कडक लागतो पण दिसायला ठीक असतो, तिसरीत कडकपणा नजरेलाही कळतो, चौथीत आकार बिघडून दुखायला लागतं. आवळलेला पडदा आतल्या इम्प्लांटला चेंडूसारखं गोल करतो, त्यामुळे बुड अरुंद होतं. माल तेवढाच असतो, पण स्तन लहान आणि विचित्र दिसतो. पडदा सोडवला किंवा काढला की तेवढ्याच सीसीचं नवं इम्प्लांट पुन्हा रुंद पसरतं. 'लहान झालंय' म्हणून इथे १०० सीसी वाढवले, तर बाई शुद्धीवर आल्यावर तिला स्वतःचंच अंग अनोळखी वाटेल.

दुसरी तक्रार: "वरून अगदी रिकामं दिसतं. वरचा भाग भरेल असं मोठं द्या." सर्जन आरशासमोर उभं करून बघतो, तर स्तनाग्र वर बघत असतं आणि इम्प्लांट स्तनाखालच्या घडीच्याही खाली उतरलेलं असतं. याला 'बॉटमिंग आउट' म्हणतात. कप्प्याची खालची बाजू सैल पडून इम्प्लांट वजनाने घसरलेलं असतं. वरचा भाग रिकामा आहे हे खरं, पण माल कमी पडल्यामुळे नव्हे. माल खाली सरकल्यामुळे. अशा कप्प्यात आणखी जड इम्प्लांट ठेवलं की ते आणखी खाली जाणार. इथला उपाय म्हणजे कप्प्याचा तळ टाके घालून वर उचलणं, आणि इम्प्लांट त्याच मापाचं किंवा थोडं लहान बसवणं. मोठं मागायला आलेल्या बाईला लहान घ्या म्हणून सांगणं सोपं नसतं. माझ्या मते सर्जनची पारख इथेच करावी: जो मागितलं तेवढं लगेच 'हो' म्हणतो, त्याच्याकडून निदान कारण तरी विचारून घ्या.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. कडेला किंवा वर लाटा, सुरकुत्या दिसत असतील तर वरचा थर पातळ आहे, आणि मोठं इम्प्लांट तो आणखी पातळ करणार. तिथे कप्पा स्नायूखाली नेणं, जास्त घट्ट जेल निवडणं किंवा पोटा-मांडीची चरबी वर भरणं हे उपाय असतात. दोन्ही कप्पे मध्ये छातीच्या हाडावर एकत्र आले असतील, तर बहुधा आधीचं इम्प्लांट छातीच्या मानाने रुंद होतं, म्हणून आता रुंदी कमी करावी लागते. इम्प्लांट फुटलं एवढंच असेल आणि पूर्वीच्या रूपावर बाई खूश असेल, तर बऱ्याचदा जुनंच माप पुन्हा येतं.

आणि यातलं काहीच नसून नुसतं मोठं किंवा लहान हवं असेल तर? तेही कारणच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत असं वाटत असेल तर थांबा. सूज उतरून, स्नायू सैल होऊन इम्प्लांट आपल्या जागी बसायला कित्येक महिने जातात. तातडीचं काही नसेल तर किमान सहा महिने थांबायला सर्जन सांगतात ते यासाठी.

कॅलिपर, चिमूट आणि ताण

मापं घेण्याची पद्धत बघितली की आकडा कुठून येतो ते कळतं. बाई उभी असते, सर्जनच्या हातात कॅलिपर असतो, म्हणजे रुंदी-जाडी मोजायचं चिमट्यासारखं साधन. पहिलं माप स्तनाच्या बुडाची रुंदी, समजा १२.५ सेंटिमीटर. इम्प्लांटची रुंदी शक्यतो याच्या आत राहायला हवी. ती ओलांडली की कड काखेकडे सरकते किंवा मध्ये हाडावर चढते.

मग चिमूट. स्तनाच्या वरच्या भागाची त्वचा आणि खालचा थर बोटांत धरून त्याची जाडी मोजतात. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांटची वरची कड उठून दिसू नये म्हणून ते स्नायूखाली ठेवण्याकडे कल असतो. मापांवरून निर्णय घेण्याची ही शिस्त अमेरिकेतल्या डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स यांनी २००० नंतरच्या दशकात पद्धतशीर मांडली. 'हाय फाइव्ह' या नावाने ती ओळखली जाते. त्यांचं म्हणणं असं, की बाईला काय हवंय ते ऐकायचंच, पण आधी तिच्या पेशींना काय झेपेल ते मोजायचं. त्यानंतर त्वचा पुढे ओढून ती किती ताणते ते बघतात, आणि शेवटी स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, त्वचा ताणून.

रिव्हिजनमध्ये यात एक मेख आहे: ही सगळी मापं जुनं इम्प्लांट आत असताना घेतलेली असतात. चिमटीत सापडलेली जाडी फुगलेल्या अंगावरची, रुंदी जुन्या कप्प्याची. म्हणून जुन्या इम्प्लांटचं कार्ड अत्यंत महत्त्वाचं. कंपनी, सीसी, रुंदी, प्रोफाइल, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, कप्पा स्नायूवर की खाली, हे हातात असेल तर सर्जन वजाबाकी करू शकतो. कार्ड हरवलं असेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली त्या दवाखान्यातून शस्त्रक्रियेच्या नोंदी मागवा. आतल्या वस्तूची अवस्था सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळते. सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी ही तपासणी पाच-सहा वर्षांनी एकदा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी करावी, अशी एफडीएची शिफारस आहेच.

"मग शंभर सीसी वाढवूनच टाका ना"

नाही तरी कापाकापी होणारच आहे, तर थोडं मोठंच घेऊ, हा विचार स्वाभाविक आहे. पण ३०० चे ४०० केले की दोन्ही बाजू मिळून ८०० ग्रॅम वजन पातळ झालेल्या त्वचेवर आणि एकदा ताणलेल्या कप्प्यावर चोवीस तास लटकतं. त्वचा सैल पडण्याचा वेग वाढतो, लाटा दिसायची शक्यता वाढते, आणि तिसऱ्या शस्त्रक्रियेची पाळी लवकर येऊ शकते. तिसऱ्या वेळेस माया आणखी कमी असते.

छाती रुंद असेल, थर जाड असेल, आधीचं इम्प्लांट अंगाच्या मानाने खरंच लहान असेल, तर मात्र वाढवायला हरकत नसते. तेव्हा वाढ नजरेत भरेल इतकी करावी. २५ सीसीसाठी पुन्हा भूल घेण्यात अर्थ नाही. तो फरक तुमच्या आरशालाही कळणार नाही.

"लहान केलं तर लोंबणार नाही का?"

लोंबू शकतं. ४५० सीसी काढून २५० घातले, तर कप्पा मोठा आणि वस्तू लहान अशी अवस्था होते. गुळगुळीत इम्प्लांट त्यात इकडे-तिकडे फिरतं. थेंबाच्या आकाराचं असेल तर उलटंही होऊ शकतं, म्हणून ढिल्या कप्प्यात गोलच बरं. कप्पा टाके घालून आवळावा लागतो, आणि जास्तीच्या त्वचेचं काय करायचं ते ठरवावं लागतं. तिथे स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया, 'मास्टोपेक्सी', जोडीला येते. तिचे व्रण असतात: स्तनाग्राभोवती, तिथून खाली, कधी खालच्या घडीतही. छोटं माप हवं असणाऱ्या बाईने व्रण मान्य आहेत का, हे स्वतःला आधी विचारावं. सीसीपेक्षा हा प्रश्न मोठा.

उचलणं आणि इम्प्लांट बदलणं एकाच वेळी केलं, तर त्वचेच्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो, आणि जुन्या व्रणांमुळे तो आधीच कमी असू शकतो. म्हणून काही सर्जन हे दोन टप्प्यांत करतात. तंबाखू इथे फार नडते. सिगारेटच नव्हे, मशेरीसुद्धा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आपल्याकडे मशेरीला कुणी 'व्यसन' म्हणून मोजत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी ती सांगायची राहते. सांगा.

जुनं इम्प्लांट मिठाच्या पाण्याचं असेल तर एक सोय आहे. काही सर्जन ते दवाखान्यातच सुईने रिकामं करून काही आठवडे थांबतात. त्वचा आकसते, आपलं मूळ अंग किती उरलंय ते दिसतं, आणि काही जणी तेव्हाच ठरवतात की आता नवं काही नकोच. इम्प्लांट काढून टाकणं हाही पूर्ण पर्याय आहे, आणि तो शेवटी कुजबुजत सांगायचा नसतो. मात्र काढताना सगळं कॅप्सूल अखंड काढलंच पाहिजे असा जो आग्रह इन्स्टाग्रामवर दिसतो, तो सरसकट लागू नाही. पडदा पातळ, निरोगी असेल तर सगळा खरवडून काढताना फासळ्यांजवळ आणि त्वचेखाली इजा व्हायचा धोका असतो. बायोसेल परत मागवतानाही एफडीएने कसलीही लक्षणं नसलेल्या बायकांना ती इम्प्लांट काढायचा सल्ला दिला नव्हता. अचानक सूज किंवा पाणी साठलं तर मात्र ताबडतोब तपासणी.

तांदूळ, थ्रीडी फोटो आणि ओटी

घरी अंदाज घेण्यासाठी पातळ मोज्यात मोजून तांदूळ भरायचे आणि सैल ब्रामध्ये ठेवून बघायचं, ही युक्ती बऱ्याच जणी करतात. पहिल्या वेळेस ती बरी. दुसऱ्या वेळेस लक्षात ठेवा, आत ३०० आधीच आहेत. ३५० कसे दिसतील ते बघायला ५० मिलिच तांदूळ घ्यायचे. तेही कपड्यांवरून दिसणाऱ्या आकारापुरतं, कारण बाहेर ठेवलेली वस्तू आतल्यासारखी दबत नाही. लहान करायचं असेल तर तांदूळ काहीच सांगू शकत नाही. थ्रीडी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर तुमच्या आजच्या आकारावर नवा आकार चढवतं. आजचा आकारच आवळलेल्या कॅप्सूलचा असेल तर पुढचं चित्र तितकंसं भरवशाचं नसतं.

खरी चाचणी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत होते. जुनं इम्प्लांट काढून कप्पा दुरुस्त केला की सर्जन आत 'सायझर' ठेवतो, म्हणजे फक्त मापासाठीचं तात्पुरतं इम्प्लांट. त्वचा तात्पुरत्या स्टेपलने मिटवतात. मग टेबल वर उचलून भूल दिलेल्या बाईला जवळजवळ बसतं करतात, आणि सर्जन टेबलाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, खालची घडी एका रेषेत आहे का, वरचा भाग फुगलाय का, ते तिथून दिसतं. नसेल तर सायझर बदलतो. दोन बाजूंना दोन वेगळी मापं लागणं यात नवल नाही. छातीचा पिंजराच बहुतेकींचा दोन्हीकडे सारखा नसतो.

सही करण्याआधी

खर्चाचं बोलायचं, तर आरोग्यविम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा अपवाद. कर्करोगात स्तन काढल्यानंतरच्या इम्प्लांटचं गणितही वेगळं असतं, कारण तिथे झाकायला स्वतःच्या पेशीच उरलेल्या नसतात. सर्जनच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, ते वाचा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या पाटीवर हे काम होत नाही.

आणि संमतीपत्रात एकच आकडा लिहू नका, टप्पा लिहा: समजा २७५ ते ३२५. ओटीत तिन्ही मापं तयार ठेवायला सांगा. आत गेल्यावर दोन मापांत अडलं तर कुठे झुकायचं, तेही शुद्धीत असताना बोलून घ्या. 'लहान चालेल, पण वरून गोल दिसायला नको' किंवा 'आकार थोडा कमी सुबक चालेल, पण ब्राचा कप उतरायला नको' असं साध्या मराठीत सांगितलेलं सर्जनला ३१० या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.